चॉकलेटचं पथ्य

माझे बाबा चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली काम करायचे. पाळी संपवून वर आलेला माणूस घरी जाण्याआधी गूळ खातो, हे मला शाळेत नाव घालायच्या आधीपासून ठाऊक होतं. डोक्यावरचा दिवा लॅम्प रूममध्ये जमा करायचा, हजेरी लावायची आणि बाहेर कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या ओट्यावर येऊन बसायचं. सगळ्यांचे हात काळे झालेले असायचे. मँगनीजची ती पूड नुसत्या पाण्यानं निघत नाही, म्हणून एकच जण साबण लावून नीट हात धुवायचा आणि बाकीच्यांच्या तोंडात गुळाचा एकेक खडा टाकायचा. आपल्या हातानं उचलून कोणी खात नसे. घशात बसलेली धूळ गुळानं खाली उतरते, असं सगळे म्हणायचे.

हात धुणारा तो माणूस बहुतेक वेळा माझे बाबा असायचे. शाळेतून येताना आमची वाट तिथूनच जायची आणि ओट्यावरचं बोलणं कानावर पडायचं.

"तोंड उघड गा, अजून मोठं. खडा टाकू का नाकात?"

"मले बारका काहून? त्याले त मोठा देल्ला."

"त्याची बायको मायेरी गेली हाय. त्याले घरी कोन देते गोड?"

मग सगळा ओटा हसायचा. बाबा मात्र न हसता पुढच्याच्या तोंडात खडा टाकत. घरी ते फार बोलत नसत. जेवण, अंथरूण, कधी माझ्या पुस्तकांची चौकशी, एवढंच. आई म्हणायची, "ह्यायचं सारं बोलनं खदानीवरच सरून जाते, घरी येईपर्यंत काई उरतच नाई."

माझ्या आधी आमच्या घरात कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी खाणीच्या कॉलनीजवळच्या शाळेत शिकले, मग नाकाडोंगरीला आणि मग रोज बसनं जाऊन तुमसरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. बाबांना माझे विषय कळत नव्हते, पण माझी बस सुटायची असली की पहाटे आधी माझ्या डब्याची चौकशी व्हायची आणि मग त्यांच्या. मी पदवी पास झाले तेव्हा त्यांनी त्या ओट्यावर गूळ वाटला. घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "आज गूळ तुया नावाचा होता." माझ्या शिक्षणाबद्दल कोणी काही विचारलं की अजूनही मला पहिलं ते वाक्य आठवतं. पुढं नागपूरला प्रयोगशाळेचा कोर्स केला आणि तिथल्याच एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला लागले.

एकदा बाबा कामानिमित्त नागपूरला आले असताना मी हट्टानं त्यांचं रक्त तपासलं. साखर वाढलेली होती. रक्तदाब मोजला, तोही वाढलेला होता. आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला आणि चालायला सांगितलं. बाबांनी सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. बसस्टँडवर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"आता तपासनी येईन खदानीवर," ते म्हणाले. "त्यात हे निंगालं त मले अनफिट करतीन. वर टाकतीन."

खाणीत खाली उतरणाऱ्यांची ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी होते. साखर किंवा दाब आटोक्याबाहेर असला तर माणसाला खाली पाठवत नाहीत, वरचं काम देतात. मला त्यात वाईट काही दिसेना.

"बरंच आहे की बाबा. उजेडात काम कराल."

"उजेडाचं काय करू? मानसं त खाली हायत."

बस लागली. चढताना ते म्हणाले, "जास्त नाई मांगत. रिटायर होईन त आपल्या गँगसंगच होईन, एवढंच."

तपासणीला अजून काही महिने होते. मी मनाशी ठरवलं की बाबांना खालीच ठेवायचं. त्यांनी मला एवढं शिकवलं, त्या शिक्षणाचा उपयोग आता नाही तर कधी होणार?

त्याच काळात मी डार्क चॉकलेटबद्दल वाचत होते. लॅबमध्ये रिकामा वेळ मिळाला की मोबाईलवर आरोग्याचे लेख वाचायची मला सवय होती आणि नव्यानं शिकलेल्या माणसाचा उत्साहही होता. कोकोच्या बियांत फ्लॅव्हनॉल नावाचे पदार्थ असतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या सैल व्हायला मदत होते आणि रक्तदाब थोडा उतरू शकतो. शरीर इन्सुलिनचा जरा चांगला उपयोग करतं, असंही काही अभ्यासांत दिसलं होतं, काहींत नाही. दुधाच्या गोड चॉकलेटमध्ये यातलं फारसं काही नसतं. कोको भरपूर आणि साखर कमी, अशा कडू चॉकलेटचा एखादा तुकडा, तोही बाकीचं खाणं सांभाळून. हे सगळं त्या लेखांत लिहिलेलं होतं. 'थोडा' आणि 'शकतो' हे दोन्ही शब्द मी वाचले होते. पण गरजू माणसाच्या डोळ्यांखालून असे शब्द सरकून जातात.

मी नागपूरच्या एका मोठ्या दुकानातून सत्तर टक्के कोकोच्या वड्या आणल्या. चॉकलेटचं पाकीट असं नीट निरखून मी पहिल्यांदाच घेतलं. सुट्टीच्या दिवशी घरी जाऊन बाबांच्या हातात एक तुकडा ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला, चावला, आणि थांबले.

"भुईनिंबासारखं लागते," ते म्हणाले.

भुईनिंब म्हणजे आमच्याकडं तापात काढा करून पितात ती कडूजहर वनस्पती. आईनंही एक कण तोंडात टाकला आणि दाराबाहेर थुंकली. "पैसे देऊन कडू खायाचं? आपल्या वाडीत कारले का कमी हायत?"

"आई, यानं हृदय चांगलं राहतं. दाब उतरतो."

बाबांनी आईकडं लक्ष दिलं नाही. ते माझ्याकडं वळून बसले. वैद्याच्या ओसरीवर बसावं तसे मांडी घालून, जरा पुढं झुकून. मग मी सांगायला लागले. रोज रात्रीच्या जेवणानंतर एक तुकडा. जास्त नाही. हे फक्त तुमच्यासाठी आहे, कोणाला वाटू नका. आणि गूळ पूर्ण बंद.

"ओट्यावरचा बी?"

"ओट्यावरचाही. गुळाला हातसुद्धा लावायचा नाही."

"कोनाच्या हातचा?"

"कोणाच्याच हातचा नाही, बाबा."

त्यांनी वडीचा कागद नीट मिटवला. मग विचारलं, "कवापर्यंत?"

"मी सांगेन तेव्हा," मी म्हणाले.

हे संभाषण मी आज इतकं सविस्तर लिहू शकते, कारण पुढं मी ते मनात अनेकदा उलगडून पाहिलं. त्या दिवशी मला ते अगदी साधं वाटलं होतं. एक समजूतदार पेशंट नीट प्रश्न विचारतो आहे, असं वाटून मला बरंच वाटलं होतं.

बाबांनी पथ्य इतकं कडक पाळलं की आमचे डॉक्टरही खूष झाले. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, संध्याकाळी खाणीच्या रस्त्यानं लांबवर चालणं आणि फ्रिजच्या दारात ठेवलेल्या वडीचा रोज एक तुकडा. दाब उतरला. साखरही उतरली. तपासणीत ते फिट ठरले. फोनवर त्यांनी मला तेवढं एकच वाक्य सांगितलं, पण त्यांचा आवाज हलका झाला होता. मी लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला. दाब वाढलेल्या ओळखीच्या लोकांना मी कडू चॉकलेटचं सांगू लागले. डॉक्टर एकदा हसून म्हणाले, "अगं, गुण गोळ्यांचा आणि चालण्याचा आहे. चॉकलेटनं फार तर थोडा हातभार लावला असेल." मीही हसले, पण मनात चॉकलेटलाच श्रेय दिलं. गोळी कोणीही लिहून देतं, चॉकलेट माझं होतं.

मी ते पाठवत राहिले. उन्हाळ्यात ते वितळायचं, तेव्हा ओळखीच्या कोणाबरोबर बर्फाच्या डब्यातून पाठवायची. बाबांनी कधी नको म्हटलं नाही.

तपासणीनंतर वर्षभरानं आईचा फोन आला. बाबांनी स्वतः अर्ज करून वरचं काम मागून घेतलं होतं. लॅम्प रूममध्ये.

मला पटेना. मी त्यांना फोन लावला.

"बाबा, तुम्ही तर फिट होतात. मग वर का आलात?"

"गुडघे दुखतेत."

"आधी कधी बोलला नाहीत."

"आता बोलून राहिलो ना," ते म्हणाले आणि फोन आईकडं दिला.

मी ते खरं मानलं. माणसाचे गुडघे दुखतात. वर्षानुवर्षं ओल्या अंधारात उभं राहून दुखणारच. उरलेली नोकरी त्यांनी लॅम्प रूमच्या खिडकीत काढली. पाळी सुरू होताना त्याच माणसांना दिवे द्यायचे, सुटताना परत घ्यायचे. निवृत्तीचा कार्यक्रम नीट झाला, हार, नारळ, फोटो. मी रजा घेऊन गेले होते. त्यांच्या गँगमधले लोक मागं उभे होते. ते आले, हात मिळवला, "बरं हाय ना बाई?" असं मला विचारलं आणि निघून गेले. मला ते जरा कोरडं वाटलं. पण माणसं थकलेली असतात, दुपारची पाळी असते, असं म्हणून मी सोडून दिलं. त्यानंतर आई-बाबा कॉलनीतली खोली सोडून गावच्या घरी राहायला आले.

खरी गोष्ट मला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी कळली, तीही सहज. मी घरी आले होते आणि फ्रिजमध्ये नव्या वड्या ठेवत होते. आई पाटावर बसून लाखोळीची डाळ निवडत होती. न वर बघता म्हणाली, "अजून किती दिवस देशीन हे त्यायले?"

"का? चांगलं आहे ना ते."

"चांगलंच हाय. पन परेज सोडव ना आता. नोकरी बी सरली, मानसं बी सरले."

मला कळेना. मी विचारलं, कसलं परेज?

तेव्हा तिनं सांगितलं. मी लहान असताना बाबांना कावीळ झाली होती. नाकाडोंगरीकडच्या जंगलातल्या एका म्हाताऱ्या वैद्यानं मुळीचं औषध दिलं होतं. मला तेव्हाचे बाबा पुसटसे आठवतात, पिवळे डोळे आणि वेगळं ताट. आमच्याकडं मुळीच्या औषधाला परेज, म्हणजे पथ्य, असतं. औषध चालू आहे हे कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. ज्याची मनाई केली त्याला शिवायचंही नाही. दुसऱ्याच्या हातचा घास घ्यायचा नाही. आणि आपण होऊन परेज संपवायचं नाही. ज्यानं औषध दिलं त्यानंच एक दिवस बोलावून आपल्या हातानं काहीतरी भरवायचं आणि म्हणायचं, सुटलं. बाबा त्या औषधानं बरे झाले होते, निदान त्यांची तशी खात्री होती.

माझी वडी कडू होती. मी म्हटलं होतं, कोणाला वाटू नका. गुळाला हात लावू नका. कोणाच्या हातचा नाही. आणि कवापर्यंत, या प्रश्नाला मी म्हटलं होतं, मी सांगेन तेव्हा.

"पह्यले पह्यले बसत होते ओट्यावर," आई म्हणाली. "दात दुखते म्हनून सांगे. मंग लोकं चिडवाले लागले. तोंड दाबून खडा कोंबाले जात एखाद्या टायमाले, मजाकीत. हे झटकून देत. एका डाव एकाच्या हातचा गूळ खाली पडला. त्याच्यानंतर बसनं बंद केलं. दिवा जमा केला का सीधे घरी."

"मग वरचं काम मागितलं ते?"

"खाली सारा दिवस ज्यायच्यासंग राहाचं, त्यायच्यासंग वर आल्यावर बसाचं नाई. कसं जमन? बोलत नोयते कोनी त्यायच्याशी बरोबर." तिनं डाळीतला खडा बाजूला काढला. "मी म्हनलं, पोरीले पुसा. त म्हनत, ते सांगीन तवा सांगीन. डॉक्टरीच्या कामात आपुन घाई करू नाई."

मी फ्रिजचं दार उघडंच ठेवून उभी होते. मधुमेहाला शेवटचा दिवस नसतो. मी सांगणार कधी होते?

नंतर मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, की ओट्यावरचा तो एक छोटा खडा चालला असता का. ते म्हणाले, साखर इतकी आटोक्यात होती, दिवसाचं बाकी खाणं बघून एखादा बारीक खडा बसवता आला असता. चॉकलेटचा तुकडा बसवला तसाच. त्यातही साखर असते, चरबी असते, तू तो हिशेबात धरलाच होतास ना. मी हो म्हटलं. चॉकलेटसाठी मी जागा केली होती. गुळासाठीही जागा होऊ शकते, हे मला सुचलं नव्हतं, कारण गुळाबद्दल कोणत्याच लेखात वाचलं नव्हतं. आणि त्या ओट्यानं बाबांच्या हृदयाला काय मिळत होतं, हे मोजायची सोय आमच्या लॅबमध्ये नव्हती.

पुढच्या सुट्टीत मी बाबांशी बोलले. अंगणात बाजेवर बसले होते ते.

"बाबा, ते मुळीचं औषध नव्हतं. खाण्याचीच वस्तू आहे. तसलं परेज त्याला नसतं."

"मंग?"

"मग काही नाही. तुम्ही ओट्यावर बसू शकत होतात."

त्यांनी समोरच्या धानाच्या बांधीकडं मान वळवली. मला वाटलं रागावतील. मला ते हवंही होतं.

"तुले काय मालूम, बाई," ते म्हणाले. "मी पुसलं नाई, तू सांगतलं नाई. दाब त उतरला ना?"

त्या रविवारी मी त्यांना स्कूटीवर बसवून नाकाडोंगरीला नेलं. त्यांच्या गँगमधले सगळ्यांत जवळचे जे होते ते काकाजी निवृत्त होऊन तिथंच राहतात. बाकीचे पांगले होते. एक मुलाकडं मध्य प्रदेशात गेला, एक वारला. बाबांना ती बातमी काकाजींच्या ओसरीत बसल्यावरच कळली.

काकूंनी चहा आणला. "बिनशक्करचा हाय," त्या म्हणाल्या. "ह्यायले बी निंगाली शक्कर."

"आता दोघं बी सारखेच झालो," काकाजी म्हणाले, पण बाबांकडं न बघता. मग कपाकडं बघत म्हणाले, "आमाले वाटे, पोरगी नागपूरची झाली, आता ह्याले आमच्या हातची घिन येते."

मी सांगायला तोंड उघडलं. बाबांनी हातानंच मला थांबवलं.

"घिन नोयती गा. परेज होतं."

"कायचं?"

"शक्करचं. पोरीनं औषध देल्लं होतं."

"मंग सांगाव नाई?"

"परेज सांगत नाई कोनी."

काकाजींना हे कळण्यासारखं होतं, ते त्याच मातीतले. त्यांनी मान हलवली. मग उरलेला चहा संपवला. कप खाली ठेवून म्हणाले, "ते खरं हाय. पन मले त सांगाले पायजे होतं."

नंतर धानाचं निघालं, यंदा तुडतुड्याची कीड किती लागली ते. काकाजींच्या नातवाचं निघालं. दोघेही माझ्याशीच बोलत होते. मी मधे प्रश्न विचारून बोलणं चालू ठेवत होते. ओसरीच्या बाहेर एक कोंबडी पिलांना घेऊन फिरत होती. दोघांनी बराच वेळ तिच्याकडं पाहिलं. मला ओट्यावरचे ते दोघे आठवत होते. तोंड उघड म्हणणारे आणि खडा लहान मिळाला म्हणून भांडणारे.

निघताना काकाजी फाटकापर्यंत आले. "येत जा," म्हणाले.

परतीच्या रस्त्यावर बाबा माझ्या मागं बसले होते. गोबरवाहीचा फाटा मागं गेल्यावर म्हणाले, "बरं केलं आनलं. घिन म्हने तो. इतके साल तेच समजून बसला होता."

"आता नाही समजणार."

"हो." थोड्या वेळानं म्हणाले, "पन त्याच्यापाशी काय बोलाव, मले सुचलंच नाई. अगुदर इचार कराव नाई लागे."

मी गाडी हळू केली. "पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ, बाबा. मी येते."

"पाहू," बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी मी आले. त्यांना बरं नव्हतं असं नाही, शेतात काम होतं असंही नाही. मी गाडीची किल्ली हातात घेऊन विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे वं, कायले त्याले बी तरास." आणि बाजेवर कूस बदलून झोपले.